हात न लावलेले फोटो

१२ जानेवारी

अक्का,

पाया पडतो. सोबत रोल पाठवला आहे. आधी कापसात गुंडाळला, मग रुमालात, मग गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात, आणि डब्याला सुतळी. पोस्टातला माणूस म्हणाला, "आजोबा, आत काय अंडं आहे का?" मी म्हटलं, "रोल आहे, ऊन लागू देऊ नका." त्याने डबा टेबलावर आपटला. मी तो उचलून कानाशी हलवून पाहिला. आपटल्याने रोल बिघडतो का, ते आधी कळव.

दाजी गेल्यावर तू त्यांचा छोटा कॅमेरा मला दिलास, त्याला तीन महिने झाले. तीन महिने तो कपाटातच होता. सातवी नापास माणसाच्या हातात एवढी नाजूक वस्तू! बत्तीस वर्षं मी पाण्याच्या टाकीवर वॉल्व्ह फिरवले. तिथलं सगळ्यात लहान चाक ताटाएवढं, आणि या कॅमेऱ्याचं चाक माझ्या नखाएवढं. पण रविवारी सगळे तळ्यावर निघाले तेव्हा ही म्हणाली, "घ्या तो कॅमेरा. नाहीतर घराला कुलूप लावलं की नाही हेच दिवसभर विचारत बसाल." म्हणून घेतला.

अक्का, मजा आली. त्या बारीक खिडकीला डोळा लावला की बाकीचं सगळं बाहेर राहतं. दोन तास मला कुलपाची आठवण झाली नाही. झाडाखाली चटई टाकली होती. मुलगा, सूनबाई, ही, आणि आमची नात. तू तिला बारशाएवढी असताना पाहिलीस, आता दोन वर्षांची झाली. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचे वीसेक फोटो काढले असतील. प्रत्येक फोटोला फ्लॅश मारला. मुलगा म्हणाला, "बाबा, वर सूर्य आहे." मी म्हटलं, "त्याचा काय भरवसा? ढग आला म्हणजे?" फ्लॅश उडाला की भिंगरी "फट्!" म्हणते आणि टाळ्या पिटते.

एक शंका आहे. भिंगावरचं झाकण पहिल्या तीन फोटोंना काढलं नव्हतं असं मला आता वाटतं आहे. त्याने पुढचे फोटो बिघडतात का?

तुझा भाऊ


२५ जानेवारी

काळजीराम,

आपटल्याने रोल बिघडत नाही. काळजीने बिघडत असता तर तुझा कोराच निघाला असता. झाकण तीन नाही, पाच फोटोंना होतं. उरलेल्या एकतीसपैकी चौदांत तुझा अंगठा आहे. एवढा जाड अंगठा घेऊन तू शाळेत पाटी कशी धरायचास?

पण बाकीचे चांगले आले आहेत. खरंच. वहिनी केळं सोलताना हसते आहे तो फोटो ह्यांनी काढला असता तर दुकानाच्या काचेत लावला असता. स्टुडिओचं दार मी आता उघडत नाही, पण मागची काळी खोली अजून चालू आहे. तुझ्या रोलमुळे तिला पुन्हा औषधांचा वास आला. बरं वाटलं.

अंगठे कडेने कापले. सूनबाईच्या गालावरचा मुरमाचा डाग घालवला, मुलाच्या शर्टावर चहा सांडला होता तो घालवला, तळ्यात फुगलेली एक पिशवी तरंगत होती ती बुडवली. भिंगरीच्या डाव्या डोळ्यात तुझ्या फ्लॅशची पांढरी टिकली बसली होती, तिच्यावरही शाई लावली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांनी माझ्या हातात तीन केसांचा ब्रश दिला होता. ह्यांनी काढायचं आणि मी निस्तरायचं. देवीचे व्रण, फुटके दात, सगळं. किती तिरळे नवरदेव मी सरळ केले असतील! चाळीस वर्षांत आमच्याकडून डागाचा फोटो बाहेर गेलेला नाही, तो तुझ्यासाठी थोडाच जाईल?

निगेटिव्ह तारीख घालून इथेच ठेवते. तुला दिल्या तर कापसात गुदमरवशील.

अक्का


९ एप्रिल

अक्का,

तुझे फोटो साऱ्या गल्लीने पाहिले. सलूनवाला म्हणाला, "काका, हे तुम्ही काढले?" मी हो म्हटलं, तुझं नाव नंतर सांगितलं. माफ कर. भिंगरी हिच्या मांडीवर बसली आहे तो मोठा फोटो मुलाने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. खिळा नीट बसला आहे ना, हे मी रोज बघतो.

परवा बागेत गेलो होतो. हा दुसरा रोल. या वेळी झाकण काढलं, चार वेळा तपासलं. पण भिंगरीचं काही खरं नाही. कॅमेऱ्याकडे सरळ बघतच नाही. मान वाकडी करून, पक्ष्यासारखी एका बाजूने बघते. मी म्हटलं, "सरळ बघ गं." ही म्हणाली, "तुमच्यावर गेली आहे. तुम्ही तरी कधी कुणाकडे सरळ बघता?" आणि धावताना मांडवाच्या खांबावर आपटली. डाव्या हाताला एवढा हिरवा खांब, तो तिला दिसला नाही. रडली नाही, उलट खांबालाच दटावलं, "बाजूला हो!" आम्ही हसून हसून बेजार झालो. तो फोटो हुकला, हात हलला.

आता खरं बोलतो. सलूनवाल्याने एक भीती घातली आहे. म्हणतो, लहान मुलांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये, आतला पडदा जळतो. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तू इतकी मुलं पाहिलीस, खरं काय ते लिही. उशीर करू नकोस.

तुझा भाऊ


१९ एप्रिल

काळजीराम,

सलूनवाल्याला सांग, कात्रीकडे लक्ष दे. ह्यांनी हजारो पोरांवर फ्लॅश मारले, आणि पूर्वीचे फ्लॅश म्हणजे काय, बॉम्बच. कुणाच्या डोळ्याला काही झालं नाही. जेव.

मात्र पोरीवर फ्लॅश मारायचा तो जरा कमी मार. झाडाखाली उजेड पुरतो. तिचे डोळे नीट करता करता आता माझे दुखायला लागतात. सत्तरी उलटली माझी. तीन केसांचा ब्रश हातात धरला की तिन्हींचे सहा दिसतात.

सूनबाईचा झोपाळ्यावरचा फोटो सुंदर आहे. तुझी नजर चांगली आहे रे. हे तुला कुणी आधी सांगायला हवं होतं.

अक्का


२ ऑगस्ट

अक्का,

तू म्हणालीस तसं बाहेर फ्लॅश मारला नाही. पण या वेळी आम्ही मत्स्यालयात गेलो होतो आणि आत काळोख. भिंतीभर काचेच्या पेट्या, त्यांच्यात निळा उजेड, आणि माणसं नुसत्या सावल्या. तिथे फ्लॅशशिवाय कसं होणार? पहारेकरी म्हणाला, "मासे घाबरतात." मी म्हटलं, "मीही घाबरतो. दोनच काढतो." छत्तीस काढले.

भिंगरीने काचेला नाक लावलं, आतून एक चपटा मासा आला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी हाक मारली, "भिंगरी!" ती वळली आणि मी बटण दाबलं. अक्का, हा फोटो चांगला येणार. आतापर्यंत मला कशाचीच खात्री नसायची, पण हा येणार. मोठा छाप.

घरी कुलूप उघडंच राहिलं होतं. काही गेलं नाही. पण मी सांगितलं होतं.

तुझा भाऊ


१४ ऑगस्ट

भाऊ,

फोटो पाठवते आहे. माशाचा फोटो तू म्हणालास तसाच आला आहे. मोठा छापला.

या वेळी वेळ लागला. बरंच काम होतं.

भिंगरी नीट बघते ना? सहज विचारते. म्हातारपणी नसते प्रश्न सुचतात.

अक्का


२२ ऑगस्ट

अक्का,

तू मला काळजीराम म्हणतेस आणि आता स्वतः सुरू झालीस! नीट बघते म्हणजे काय, जमिनीवरची मुंगी तिला दिसते. काल माझ्या चष्म्याचा हरवलेला स्क्रू तिनेच शोधून दिला. तुझ्या पत्राने मीही एक संध्याकाळ तिच्यापुढे बोटं नाचवली. तिने सगळी धरली आणि एक चावलं.

माशाचा फोटो पाहून सूनबाई रडली. आनंदाने. म्हणाली, "किती काळेभोर डोळे आले आहेत हिचे."

तुझा भाऊ


२१ ऑक्टोबर

अक्का,

हे पत्र बसून वाच.

गेल्या सोमवारी सकाळी भिंगरी खिडकीत दूध पीत होती. उजेड बाजूने येत होता. हिने एकदम हाक मारली, "अहो, इकडे या." हिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. भिंगरीच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत, आत खोल, पांढरं दिसत होतं. मांजराच्या डोळ्यासारखं. तिने मान हलवली की जायचं, पुन्हा यायचं.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या इस्पितळात. तिला औषधाने झोपवून आत पाहिलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. त्या बसल्या तेव्हाच मला कळलं. उभ्याने सांगण्यासारखं असतं तर उभ्यानेच सांगितलं असतं. डोळ्याच्या आत गाठ आहे. वाईट जातीची. डावा डोळा काढावा लागेल. नाही काढला तर गाठ मागच्या नसेतून मेंदूत जाते आणि मूल जातं. म्हणाल्या, ही गाठ वर्षाची तरी आहे, आता थांबू नका.

सूनबाई तशीच उठली आणि तिने भिंगरीचा बूट नीट घातला. दुसरं काही केलं नाही.

आणि इथे, अक्का, मी काय केलं ते ऐक. मी पिशवीतून तुझे फोटो काढले. कुठे जाताना मी ते बरोबर नेतो, तुला माहीत आहे. म्हटलं, "बाई, वर्षाची कशी असेल? हे बघा जानेवारीतले, हे एप्रिलमधले, हा ऑगस्टमधला." त्यांनी माशाचा फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "काळोखात फ्लॅश मारल्यावर हे पांढरं दिसायला हवं होतं." मग म्हणाल्या, "फोटो काहीही सांगो, मी आत पाहिलं आहे."

मुलाने तेवढंच धरलं. दिसायला हवं होतं आणि दिसत नाही, म्हणजे बाईंचंच चुकतं आहे. दोन महिन्यांपूर्वी डोळा काळाभोर आहे, आणि ह्या म्हणतात वर्ष झालं. पोरीचा डोळा असा कुणाच्या सांगण्यावरून काढू देणार नाही. त्याने सही केली नाही. कुणीतरी थेंब सांगितले आहेत, ते महिनाभर घालून बघायचं ठरलं आहे. मीही हो म्हटलं. मलाही तेच हवं होतं.

पण माझ्या मनात दुसरंच आहे, ते घरात बोललो नाही. ऑगस्टपर्यंत डोळा चांगला होता. ऑगस्टमध्ये मी काळोखात तिच्या डोळ्यावर फ्लॅश मारला. ती वळली, दोन हातांवरून मारला. त्यानंतर हे झालं. सलूनवाला बरोबर बोलत होता. अक्का, मी पोरीचा डोळा जाळला का? कॅमेरा कपाटात टाकून कुलूप लावलं आहे आणि किल्ली टाकीच्या हौदात टाकली. भिंगरी रोज कपाटाकडे बोट दाखवून "फट्" म्हणते.

तू मला खोटं सांगून धीर देऊ नकोस. खरं लिही.

तुझा भाऊ


तार, २४ ऑक्टोबर

डॉक्टर खऱ्या. माझे फोटो खोटे. थांबू नका. लगेच सही करा. पत्र आणि निगेटिव्ह येत आहेत. अक्का


२४ ऑक्टोबर

भाऊ,

तार मिळाली असेल. तिच्यावर विश्वास बसला नाही तर या पाकिटात तिन्ही रोलच्या निगेटिव्ह आहेत. मुलाला दे. उजेडावर धरून भिंग लावून बघायला सांग. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं दिसतं आणि काळ्याचं पांढरं. भिंगरीच्या उजव्या डोळ्याची बाहुली काचेसारखी साफ दिसेल. डाव्या बाहुलीत काळा ठिपका आहे. तेच ते, जे वहिनीने खिडकीत पाहिलं.

जानेवारीच्या रोलमध्ये तो पाच फोटोंत आहे. बागेतल्या नऊ फोटोंत आहे. मत्स्यालयातल्या एकोणीस फोटोंत. मी प्रत्येकावर शाई लावली. तेहतीस वेळा.

पहिल्यांदा तुला लिहिलंही होतं, गमतीत. फ्लॅशची टिकली समजले. दुसऱ्या रोलच्या वेळी हात थोडा थांबला. फ्लॅशची चकाकी असेल तर दोन्ही डोळ्यांत हवी, नाहीतर कधी यात, कधी त्यात. ही दर वेळी डाव्यातच कशी? चाळीस वर्षं हे काम केलेल्या बाईला हे कळतं. मला कळलं. आणि मी मनाला म्हटलं, पोरगी तिरकी बघते म्हणून. तुला लिहिलं, फ्लॅश कमी मार. म्हणजे मला ते दिसायला नको.

माशाच्या फोटोत तो डोळा पेटल्यासारखा होता. मोठा छापला तेव्हा टिकली मटाराएवढी आली. मी दिवसभर तो फोटो दोरीवर तसाच टांगून ठेवला. संध्याकाळी काढला आणि रंगवला, कारण तुला तो फोटो इतका हवा होता आणि तो तसा पाठवायला माझा हात होईना. मग तुला विचारलं, नीट बघते ना? तू मुंगी लिहिलीस, स्क्रू लिहिलास. मला तेच ऐकायचं होतं. एका डोळ्यानेही मुंगी दिसते, हे मला माहीत नव्हतं का?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या फ्लॅशने काहीही झालेलं नाही. तू भर दुपारी वेड्यासारखा फ्लॅश मारत राहिलास म्हणून तो ठिपका दिसला. मी पुसला म्हणून तुम्हाला तो दिसला नाही. एवढंच झालं आहे. यात स्वतःचा दोष शोधत बसू नकोस, तुला ती सवय आहे.

मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा. आधी सही करा.

अक्का


३ नोव्हेंबर

अक्का,

तार दुपारी आली. मुलाने दोनदा वाचली आणि माझ्याकडे दिली. "माझे फोटो खोटे" म्हणजे काय, ते आम्हाला कळेना. ही म्हणाली, अक्कांचं डोकं फिरलं असेल. एक दिवस तसाच गेला, मग पाकीट आलं.

मुलाने निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या काचेवर धरली. भिंग माझं, पेपर वाचायचं. त्याने पाहिलं, पट्टी पुढे सरकवली. पुन्हा पाहिलं. मग खाली बसला. चाळिशीचा माणूस, अक्का, खिडकीखाली फरशीवर बसला, भिंतीला टेकून.

सूनबाई मात्र निगेटिव्हकडे आलीच नाही. ती दिवाणखान्यातल्या मोठ्या फोटोकडे गेली. खिळ्यावरून उतरवला, मागचे बारीक खिळे काढले, काच बाजूला ठेवली. रुमाल पाण्यात भिजवला आणि भिंगरीचा डावा डोळा पुसायला लागली. हळूहळू, जसं तोंड पुसतात तसं. रुमालाला काळं लागलं. खालून पांढरं आलं. आम्ही सगळे बघत होतो. नऊ महिने ते आमच्या भिंतीवर होतं. त्याच्याखाली बसून आम्ही जेवत होतो.

त्याच संध्याकाळी इस्पितळात जाऊन सही केली. ऑपरेशन गुरुवारी झालं. बाईंना मी निगेटिव्ह दाखवल्या. त्यांना विचारलं, जानेवारीत आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "ते आता नका विचारू." मी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, "कदाचित डोळा वाचला असता."

ही म्हणते, त्या घरी पत्र पाठवू नका. मी हे पत्र इस्पितळाच्या बाकावर लिहितो आहे.

भाऊ


१८ डिसेंबर

भाऊ,

उत्तर नाही आलं तरी चालेल. पण पोरगी कशी आहे, एवढं एका ओळीत कुणाकडून तरी कळव. सलूनवाल्याकडून कळवलंस तरी चालेल.

ब्रश जाळले. काळी खोली बंद केली आहे.

अक्का


२८ जानेवारी

अक्का,

एका ओळीत सांगायचं तर भिंगरी जगली. काढलेल्या डोळ्याची तपासणी झाली, गाठ आतच होती, मागच्या नसेत गेली नव्हती. बाई म्हणाल्या, थेंब घालत महिनाभर थांबला असतात तर मी हे सांगू शकले नसते. म्हणजे तुझी तार पोचली नसती तर. हे मी घरात सगळ्यांसमोर बोललो. ही उठून आत गेली. मग बाहेर आली आणि म्हणाली, "तार करायला स्वतः गेल्या असतील का हो? त्यांचे गुडघे तर चालत नाहीत." बस, एवढंच बोलली.

उजवा डोळा स्वच्छ आहे. तो दर काही महिन्यांनी झोपवून तपासायचा. तो तपासतात त्या दिवशी मी इस्पितळाच्या जिन्यात बसतो, वर जाववत नाही. डाव्या जागी खोटा डोळा बसवला आहे. तो बनवणारा माणूस समोर बसून रंगवतो, उजव्याकडे बघून. त्याच्या हातात बारीक ब्रश होता. मला तुझी आठवण आली आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. चांगली आठवण होती की वाईट, ते मला सांगता येणार नाही.

राग गेला म्हणू? गेला नाही. ते नऊ महिने मोजायचे नाहीत असं रोज ठरवतो आणि मोजतो. पण दुसरंही मोजतो. खांबावर आपटली तेव्हा हसलो मी. मान वाकडी केली तेव्हा 'सरळ बघ' म्हणालो मी. तू विचारलंस तेव्हा मुंगी लिहिली मी. आयुष्यभर नको त्याची काळजी केली, आणि ज्याची करायची ते समोर नाचत होतं. तू ठिपका पुसलास आणि आम्ही पोरगी डोळ्यांसमोर असून तुझ्या फोटोंतच तिला बघत बसलो.

रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. तेच झाड. निघताना भिंगरी कपाटापुढे जाऊन बसली, "फट्" म्हणाली आणि उठेना. किल्ली हौदात. शेवटी मुलाने पेचकस आणून कपाटाचं दारच उखडलं. मी म्हटलं, "मी नाही काढणार." सूनबाईने कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "बाबा, फ्लॅश मारा. प्रत्येक फोटोला मारा."

छत्तीस काढले. रोल सोबत आहे. इथला फोटोवाला चांगला आहे असं मुलगा म्हणत होता. मी म्हटलं, नाही, तिच्याकडेच जाईल. काळी खोली उघड. धू, छाप, पण कशालाही हात लावू नकोस. डाग, चहा, पिशवी, काहीही असो.

आणखी एक. हिच्या मांडीवरचा भिंगरीचा तो पहिला मोठा फोटो पुन्हा छाप. जसा होता तसा. चौकट रिकामी आहे. त्यात तोच लावायचा असं सूनबाई म्हणते. तिचा स्वतःचा डोळा होता तेव्हाचा तो फोटो आहे.

रोल कापसात गुंडाळला आहे. पोस्टातल्या माणसाने आपटला नाही.

तुझा भाऊ


९ फेब्रुवारी

भाऊ,

दार उघडलं. औषधं जुनी झाली होती, नवी कालवली.

छत्तीस फोटो पाठवते आहे. झाकण सगळ्यांना काढलेलं होतं. मुलाची दाढी वाढली आहे, वहिनी खूप वाळली आहे, सूनबाईच्या डोळ्यांखाली काळं आहे. चटईवर सांडलेला चहा आहे. भिंगरी तेवीस फोटोंत आहे आणि सगळ्यांत सरळ बघते. तिच्या डाव्या डोळ्यावर वरून फ्लॅश चमकला आहे, काचेवर चमकतो तसा. तो तिथेच आहे. एकदा माझा हात सवयीने टेबलावर ब्रश शोधायला गेला. मी तो मांडीखाली दाबून बसले.

चौकटीचा फोटोही छापला आहे. ट्रेमध्ये कागदावर आधी वहिनीचा पदर आला, मग भिंगरीचे केस, मग चेहरा. तो डोळा सगळ्यात शेवटपर्यंत पांढराच राहिला. मी लाल दिव्याखाली उभी राहून तो पाहिला. पहिल्यांदाच नीट पाहिला.

तुझा अंगठा अकरा फोटोंत आहे. कापला नाही.

अक्का